युद्धाचा दुष्काळ आणि धान्याची वाट

दुष्काळ म्हटला कीं आमच्या शेतकरी बंधूंची नजर प्रथम आभाळाकडे जाते, आणि तें स्वाभाविकच आहे. मिरजेच्या पूर्वेचा कवठे महांकाळ, जत, आटपाडी हा सारा मुलूख कमी पावसाचा. मृगानें दगा दिला आणि हस्तही कोरडा गेला, म्हणजे पुढील वर्ष कसें जाणार हें सांगावयास तेथें ज्योतिषी लागत नाहीं. परंतु दुष्काळाची आणखी एक जात आहे. तींत पाऊस बेताचा कां होईना पडतो, पीक उभें राहतें, व्यापाऱ्याच्या वखारींत धान्यही असतें. आणि तरीही माणसें अन्नावांचून मरतात. हा युद्धाचा दुष्काळ होय. तो कसा पडतो, त्याच्या निवारणार्थ निरनिराळ्या राष्ट्रांनीं कोणते उपाय योजिले, त्यांपैकीं कोणते फळास आले व कोणते फसले, आणि यांत जमीनधारक शेतकऱ्याचें कर्तव्य काय, याचा विचार प्रस्तुत पाठांत करावयाचा आहे.

विषयाचें मर्म आमच्या स्टेशनांतल्याच एका गोष्टीवरून ध्यानांत येईल. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहर पाण्यावांचून व्याकुळ झालें. त्या वेळीं एप्रिल महिन्यांत दहा टाक्यांची एक आगगाडी पांच लाख लिटर पाणी घेऊन मिरजेहून निघाली व १२ एप्रिल रोजीं लातुरास पोंचली. पुढें पन्नास टाक्यांच्या गाड्या सुरू झाल्या आणि पावसाळा लागेपर्यंत कृष्णेचें पाणी मराठवाड्यांत जात राहिलें. लातुरास त्या वर्षीं पाऊस नव्हता, परंतु वाट होती. रूळ शाबूत होते, इंजिन होतें, आणि मध्यें गाडी अडविणारा कोणी नव्हता. पाऊस नसला तरी वाट माणसाला तारते. वाटच बंद झाली तर पाऊसही तारीत नाहीं. या पाठांतील सर्व उदाहरणें या एका सूत्रावर घासून पाहावीं.

दख्खनला हा अनुभव नवा नाहीं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं पुण्याजवळ हडपसर येथें यशवंतराव होळकरांनीं पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. त्यानंतर होळकरी फौजांनीं व पेंढाऱ्यांनीं देशावरचा मुलूख लुटला. त्यांत १८०३ सालीं पाऊस अपुरा झाला आणि १८०३–०४ चा घोर दुष्काळ पडला. अपुऱ्या पावसाचें एखादें वर्ष रयत मागील सांठ्यावर कसेंबसें काढते. परंतु सांठा लुटलेला, बैल हांकून नेलेले, बाहेरून धान्य आणावें तर वंजाऱ्यांच्या तांड्यांना वाट निर्वेध नाहीं, अशा स्थितींत तें साधणार कसें? आभाळानें जें अर्धें केलें तें लढाईनें पुरें केलें.

याहून मोठें उदाहरण बंगालचें आहे. मार्च १९४२ मध्यें जपान्यांनीं रंगून घेतलें आणि ब्रह्मदेशचा तांदूळ हिंदुस्थानास मिळेनासा झाला. शत्रु समुद्रमार्गें येईल या भीतीनें सरकारनें बंगालच्या किनारपट्टींतून जादा तांदूळ हलविला, आणि दहांहून अधिक माणसें वाहणाऱ्या होड्या काढून घेतल्या किंवा निकामी केल्या. ज्या प्रांतांत नदी हाच रस्ता, तेथें होडी जाणें म्हणजे आपल्याकडे बैलगाडी व सडक दोन्ही जाण्यासारखें झालें. ऑक्टोबर १९४२ मध्यें मेदिनीपूरकडे भयंकर वादळ होऊन पिकें बुडालीं. इतर प्रांतांनीं आपापलें धान्य बाहेर जाऊं न देण्याचे हुकूम काढले. युद्धखर्चासाठीं पैसा पाण्यासारखा ओतला जात होता. डिसेंबर १९४२ मध्यें मणास तेरा-चौदा रुपये असलेला तांदूळ ऑगस्ट १९४३ मध्यें सदतीस रुपयांवर गेला.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें आहे कीं, १९४३ सालीं बंगालमधील एकंदर धान्यपुरवठा मागील पांच वर्षांच्या सरासरीहून शेंकडा पांचच कमी होता, आणि ज्या १९४१ सालीं दुष्काळ नव्हता त्या सालाहून तो अधिकच होता. म्हणजे धान्य अगदींच नव्हतें असें नव्हे. तें गरिबाच्या आवाक्याबाहेर गेलें होतें. मेले कोण? भूमिहीन मजूर, कोळी, नावाडी आणि लहान कारागीर. रोख मजुरीवर जगणाऱ्याची मजुरी तीच राहिली व तांदूळ तिपटीनें महागला. ज्याच्या घरीं स्वतःचें भात होतें तो बहुधा वांचला. ज्यास मजुरी भातांतच मिळे तोही पुष्कळ अंशीं वांचला. सरकारनें नेमलेल्या चौकशी मंडळानें १९४५ सालीं मृत्यूंचा अंदाज पंधरा लक्ष केला. पुढील अभ्यासकांपैकीं पुष्कळांनीं तो वीस ते तीस लक्ष धरला आहे.

त्याच सुमारास आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यांत १९४२–४३ चा अवर्षणाचा दुष्काळ चालू होता. कोंकणास व मुंबई शहरास ब्रह्मी तांदळाचा तुटवडा भासत होता. तरीही बंगालसारखा अनर्थ मुंबई इलाख्यांत झाला नाहीं. दुष्काळी कामें काढण्याची पद्धत येथें जुनी व अंगवळणी पडलेली होती; मे १९४३ मध्यें मुंबईंत शिधावाटप सुरू झालें; आणि पुढें शेतकऱ्यांकडून ठराविक भावानें धान्य घेण्याची लेव्ही आली. १९४४ च्या कायद्यानें जमिनीच्या कांहीं भागांत अन्नधान्यच पेरण्याचें बंधन घातलें. लेव्ही आमच्या वाडवडिलांस गोड लागली नाहीं. भाव कमी, आणि आणेवारी चुकली म्हणजे घरच्या खाण्यांतून पोतें द्यावें लागे. हें गाऱ्हाणें खोटें नव्हतें. तथापि पेठेंत धान्य दिसत राहिलें, गरिबाच्या हातीं शिध्याचें कार्ड राहिलें, आणि माणसें वांचलीं, हेंही तितकेंच खरें.

आतां परराष्ट्रांच्या मदतीकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धांतील दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेवलीं म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. १९४१ च्या वसंतांत जर्मनी व तिच्या मित्रांनीं ग्रीस देश व्यापला. व्यापणाऱ्या सैन्यानें धान्य ओढून नेलें. उलट इंग्रजांच्या आरमारानें समुद्राची नाकेबंदी केली. त्या हिंवाळ्यांत अथेन्सच्या रस्त्यांत माणसें उपासमारीनें मरून पडूं लागलीं. प्रथम तुर्कस्तानानें ‘कुर्तुलुश’ नांवाचें जहाज धान्य भरून पाठविलें. कांहीं फेऱ्यांनंतर जानेवारी १९४२ मध्यें तें बुडालें. पुढें लोकमताच्या रेट्यानें इंग्रज सरकारनें नाकेबंदी सैल केली. तटस्थ स्वीडनचीं जहाजें, कॅनडाचा गहूं आणि वांटपावर तटस्थ माणसांची देखरेख, अशी योजना ठरली. १९४२ च्या उत्तरार्धापासून दरमहा सुमारें पंधरा हजार टन गहूं दोन शत्रूंच्या मधून ग्रीसमध्यें उतरूं लागला. तत्पूर्वीं पुष्कळ माणसें गेलीं होतीं. परंतु मरणाचा वेग आटोक्यांत आला. ग्रीसच्याच मदतीसाठीं ऑक्सफर्ड येथें ऑक्टोबर १९४२ मध्यें एक मंडळ निघालें. तेंच पुढें ऑक्सफॅम या नांवानें जगभर प्रसिद्ध झालें.

बंगालची गोष्ट उलट झाली. नोव्हेंबर १९४३ मध्यें कॅनडानें एक लक्ष टन गहूं देऊं केला. गहूं होता, देणाराही होता, परंतु लंडनच्या युद्धमंत्रिमंडळानें त्यासाठीं जहाजें दिलीं नाहींत. त्याच महिन्यांत चव्वेचाळीस राष्ट्रांनीं मिळून ‘अनरा’ ही साहाय्य संस्था स्थापिली. तींत हिंदुस्थान सामील होता व वर्गणीदारही होता. परंतु शत्रूच्या ताब्यांतून सुटलेल्या देशांसाठीं ती संस्था निघाली होती. बंगाल शत्रूनें कधीं घेतलाच नव्हता, म्हणून तिच्या मदतीचा घांस त्याच्या तोंडीं लागला नाहीं. शेवटीं ऑक्टोबर १९४३ मध्यें वेव्हेल व्हाइसरॉय झाले आणि त्यांनीं लष्कराच्या मोटारी धान्य पोंचविण्यास लावल्या, तेव्हां खेड्यापाड्यांत तांदूळ जाऊं लागला. ग्रीसमध्यें वाट उघडली गेली; बंगालमध्यें ती उघडावयास फार उशीर झाला. दोहोंतील भेद धान्याच्या राशींत नव्हता.

या अनुभवावरून जग कांहींसें शहाणें झालें. १६ ऑक्टोबर १९४५ रोजीं राष्ट्रांची अन्न व शेती संघटना स्थापन झाली. १९४६ सालीं दक्षिण हिंदुस्थानांत पुन्हां धान्यटंचाई आली, तेव्हां अमेरिकेचे माजी अध्यक्ष हूव्हर स्वतः येथें येऊन पाहणी करून गेले, आणि जगांतील धान्य गरजेप्रमाणें वांटण्यासाठीं राष्ट्रांनीं एक तातडीचें मंडळ नेमलें. १९७७ च्या जिनिव्हा करारपत्रानें नागरिकांस उपाशी मारणें हें युद्धाचें साधन म्हणून निषिद्ध ठरविलें. पिकें, गुरें, पाटबंधारे व पाण्याचे सांठे नष्ट करण्यासही मनाई केली. २४ मे २०१८ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें ठराव २४१७ करून अशा कृत्यांचा निषेध केला. दुष्काळ ओळखण्याचें मापही ठरलें. पांचांतील एका घरास अन्नाची पराकाष्ठेची टंचाई, शेंकडा तीस मुलें तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजारांत रोज दोन मृत्यू, इतकें आढळलें म्हणजे दुष्काळ मानावयाचा. आपली आणेवारी पीक मोजते. हें माप माणूस मोजतें. युद्धाच्या दुष्काळांत दुसरें मापच खरें, कारण तेथें पीक असूनही माणूस उपाशी असतो.

तथापि कायदा झाला म्हणजे वाट उघडली असें नव्हे. सूदानमध्यें एप्रिल २०२३ पासून यादवी पेटली. तेथील गेझिरा हा नाईल नदीच्या पाटाखालील वीस लाख एकरांहून मोठा बागाईत टापू. डिसेंबर २०२३ मध्यें लढाई तेथें शिरली; शेतकऱ्यांचीं बियाणीं व ट्रॅक्टर गेले, आणि जागतिक अन्न कार्यक्रमाचें मदतीचें कोठार लुटलें गेलें. ऑगस्ट २०२४ मध्यें दारफूरमधील झमझम छावणींत दुष्काळ जाहीर झाला. गाझा शहर व त्याच्या परिसरांत २२ ऑगस्ट २०२५ रोजीं तसाच दुष्काळ जाहीर झाला. ऑक्टोबरांत युद्धविराम होऊन धान्याच्या गाड्या अधिक येऊं लागल्यावर, डिसेंबरच्या पाहणींत तें माप लागू होईनासें झालें. उलटपक्षीं, जुलै २०२२ ते जुलै २०२३ या वर्षांत तुर्कस्तान व संयुक्त राष्ट्रें यांच्या मध्यस्थीनें काळ्या समुद्रांतून युक्रेनचें सुमारें तीन कोटी तीस लक्ष टन धान्य बाहेर पडलें, आणि तें लढाई चालू असतां पडलें. आपल्या देशानेंही अफगाणिस्तानास पन्नास हजार टन गहूं देऊं केला. परंतु वाट पाकिस्तानांतून, म्हणून बोलाचालींत महिने जाऊन फेब्रुवारी २०२२ मध्यें अटारीच्या नाक्यावरून पहिल्या मोटारी सुटल्या. देण्याची इच्छा असूनही वाटेचा करार आधीं करावा लागतो, याचा हा ताजा धडा.

आतां कोणी विचारील, मिरजेच्या शेतकऱ्यास याचें काय? तर पुष्कळ आहे. ऊंस, हळद व द्राक्षें यांनीं आमच्या भागांत पैसा आणला, परंतु शाळूचें रान आकसलें. पोटॅश खत आपण सर्वस्वी परदेशांतून आणतों. सूर्यफुलाचें तेल मोठ्या प्रमाणांत काळ्या समुद्राकडून येत आलें आहे. २०२२ सालीं तिकडे तोफा सुरू झाल्या आणि इकडे तेलाचा डबा महागला, हें घरोघरच्या बायामाणसांस ठाऊक आहे. आमची चूलही दूरच्या वाटांवर अवलंबून आहे.

यास्तव तीन गोष्टी आम्ही वाचकांपुढें ठेवितों. पहिली ही कीं, प्रत्येक घरानें एक वर्षाच्या खाण्याचा जोंधळा व पुढील पेरणीचें बीं घरीं राखावें. हरिपूरचीं हळदीचीं पेवें सर्वांस ठाऊक आहेत. दख्खनमध्यें पूर्वीं जोंधळाही असाच पेवांत राहत असे. आज पेव नको असेल तर पत्र्याची कोठी घ्यावी, परंतु सांठ्याची संवय मोडूं नये.

दुसरी गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. गरजेपुरतें ठेवून उरलेलें धान्य तेजीच्या आशेनें अडवून धरूं नये. बंगालमध्यें अडत्यांनीं माल दाबला हें खरें. परंतु भाव चढतांना पाहून दोन पोतीं मागें ठेवणारीं हजारों घरेंही त्या दाबण्यांत सामील होतीं. एकट्यानें ठेवलेलीं दोन पोतीं म्हणजे शहाणपण वाटतें. गांवानें तेंच केलें म्हणजे पेठ रिकामी होते. घरचा सांठा किती असावा याची मर्यादा गांवच्या सोसायटीनें शांततेच्या काळांतच सभेंत ठरवून ठेवावी. धांदलींत ती ठरत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याच्या रानांत मजूर खपतो त्यानें महागाई भडकतांच मजुरीचा कांहीं भाग धान्यांत द्यावा. जुन्या बलुत्यांत दोष पुष्कळ होते, आणि ते परत आणा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पायलीनें मोजलेली मजुरी भावाबरोबर घसरत नाहीं, हा त्यांतील गुण बंगालच्या प्रेतांनीं सिद्ध केला आहे. परदेशचें जहाज येण्यास महिने लागतात, आणि कधीं तें येतही नाहीं. आपल्या कोठीपासून आपल्या मजुराच्या चुलीपर्यंतची वाट मात्र आपल्याच हातीं आहे. ती आपण आपण होऊन बंद करूं नये.