पुन्हा विद्यार्थी झालेले डॉक्टर

मुलांनो, विरारहून आगाशीला येताना केळीच्या बागा आणि विहिरी तुम्ही नेहमीच पाहता. पावसाळ्यात तर जिकडेतिकडे पाणी साचलेले असते. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी मी वर्गात हजेरी घेत होतो. सात मुले गैरहजर होती आणि सातही जण तापाने आजारी होते.

"एकदम सात जण?" मी सहज म्हणालो.

तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, "सर, मला डॉक्टर व्हायचंय. पण मामू म्हणतात, काही डॉक्टर दवाखाना सोडून पुन्हा कॉलेजात शिकायला जातात. ते कशाला?"

मी म्हणालो, "बेटा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर या हजेरीतच आहे."

विचार करा. ही सात मुले दवाखान्यात गेली, तर डॉक्टर प्रत्येकाला औषध देतील. मुले बरी होतील. पण सात जणांना एकाच वेळी ताप का आला? उद्या आणखी कोणाला येईल? तो थांबवायचा कसा? याची उत्तरे शोधणाऱ्या शास्त्राला साथरोगशास्त्र म्हणतात. साथ म्हणजे तुमच्या उर्दूतील 'वबा'. मात्र हे शास्त्र फक्त साथीचा विचार करत नाही. कोणता आजार कोणाला, कुठे आणि का होतो, हे ते मोजून पाहते.

आपल्या महाराष्ट्रातील डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे पतिपत्नी असेच पुन्हा विद्यार्थी झाले. दोघेही एम.डी. होते. शहरात दवाखाना काढला असता तर पैसा आणि मान दोन्ही मिळाले असते. पण ते वर्ध्याजवळच्या खेड्यांत काम करू लागले. त्या काळी रोजगार हमी योजनेत शेतमजुराला दिवसाला ४ रुपये मिळत. डॉ. अभय बंग यांनी त्या आकड्यामागचा हिशेब तपासला. माणसाला दिवसभर कष्ट करायला किती अन्न लागते, ते मोजले आणि मजुरी फार कमी असल्याचे दाखवून दिले. पुढे मजुरीचा दर वाढून १२ रुपये झाला. औषधाच्या बाटलीने जे झाले नसते, ते एका हिशेबाने झाले!

मग हा हिशेब नीट शिकायला दोघे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. १९८४ साली त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली. तिथेच राहणे सोपे होते. ते परत आले आणि १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेतर्फे काम करू लागले.

तिथे त्यांनी आधी मोजणी केली. जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२१ बालके वर्षाच्या आतच दगावत होती. पुष्कळ मृत्यू न्यूमोनियाने होत होते. न्यूमोनियात बाळाचा श्वास फार जलद चालतो. पण गावातल्या सुइणींना जास्त आकडे मोजता येत नव्हते. मग काय केले? एक साधे साधन तयार केले. त्यात एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर बाळ आजारी! मला स्वतःला ही युक्ती मोठ्या यंत्राहून अधिक आवडते. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्या माणसाला कमी लेखले नाही, हे त्यात दिसते.

पुढे त्यांनी गावातल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवले. त्या घरी जाऊन नवजात बाळाला तपासत, वजन करत, ऊब देत आणि गरज पडल्यास औषधही देत. हे काम ३९ गावांत चालले. फरक खरोखर त्यामुळेच पडतो का, हे पाहण्यासाठी दुसऱ्या ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. १९९९ साली हा अभ्यास लंडनच्या 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून आला. आज तुमच्या घरी बाळ जन्मले की आशाताई त्याला पाहायला येतात ना? त्या भेटींमागे गडचिरोलीचा हा अनुभव आहे.

हे सर्व ऐकून ती मुलगी म्हणाली, "म्हणजे आधी डॉक्टर व्हायलाच हवं?"

तसे नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी डॉक्टर नसलेले पदवीधरही हा विषय शिकतात. गणित आवडणारा आणि लोकांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलणारा विद्यार्थी इथे उपयोगी पडतो. मराठी नीट यायला हवी, हे वेगळे सांगायला नकोच!

दुसऱ्या दिवशी ती वहीत एक नकाशा काढून घेऊन आली. आजारी मुलांची घरे तिने लाल ठिपक्यांनी दाखवली होती. पाच ठिपके एकाच गल्लीत होते. मी शाबासकी दिली, पण तिचे समाधान झाले नव्हते.

"सर," ती म्हणाली, "बाकीचे दोघं दूर राहतात. त्यांना ताप कुठून आला? मी आज त्यांच्या घरी विचारायला जाणार आहे."