लहान कारखान्यांतील मालक, मजूर आणि संघ

कामगार-संघ म्हटला कीं मुंबईच्या कापड-गिरण्या आठवतात. तें साहजिकच होय. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी-कामगारांची संस्था काढली ती तेथें, आणि १८९० सालीं कामगारांस रविवारची सुटी मिळाली तीही तेथेंच. परंतु जेथें दहा-वीस माणसेंच राबतात, तेथें संघाचें बळ कितपत चालतें?

लहान कारखान्यांत मालक मजुरास नांवानें ओळखतो, मुलीच्या लग्नास उचल देतो, दुखण्यांत विचारपूस करितो. हा जिव्हाळा खोटा नव्हे. पण उचल देणारा हात व मजुरी ठरविणारा हात एकच असला, म्हणजे मजुरास ‘नाहीं’ म्हणणें जड जातें. गिरणींत एकाचें गाऱ्हाणें हजारांच्या आवाजांत मिसळे. येथें बोलला कोण, हें तत्काळ कळतें.

कायद्याचें साहाय्यही बहुधा संख्येवर अवलंबून राहिलें. १९२६ च्या कायद्यानें सात जणांसही संघ नोंदविण्याची मुभा दिली. पण १९४७ च्या कायद्यांतील मालक-मजुरांची संयुक्त समिति शंभर मजुरांच्या कारखान्यापासून पुढें होती. १९४८ चा कारखाना-कायदा यंत्रशक्ति असल्यास दहा व नसल्यास वीस मजुरांपासून लागू होई.

ही मर्यादा चुकविण्याकरितां विडीच्या धंद्यांतील अनेक मालकांनीं पान व तंबाखू ठेकेदारांमार्फत घरोघर वांटली. घरीं विडी वळणारी बाई एकटी पडली. छाट म्हणून किती विड्या बाजूस काढावयाच्या, हें ठेकेदारच ठरवी. मग तिनें संघ कोणाशीं करावा? याचें उत्तर एकच: एका कारखान्याचा नव्हे, तर सर्व धंद्याचा संघ. पुढें १९६६ सालच्या विडी-सिगार कामगारांच्या कायद्यानें घरीं काम करणारीसही कामगार गणलें, आणि कच्चा माल व छाट विडी यांवरील तंट्यांच्या निवाड्याची सोय केली.

धंद्याच्या संघाचा लाभ केवळ मजुरासच होतो असें नव्हे. लहान कारखानदाराचा नफा थोडा असतो. त्यानें एकट्यानें मजुरी वाढविली, तर शेजारचा कृपण मालक स्वस्त माल विकून त्याचें गिऱ्हाईक ओढितो. सर्वांचा दर एकच ठरला, म्हणजे सज्जन मालकास आपल्या सज्जनपणाचा दंड भरावा लागत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांपैकीं कोणी उद्यां मालक होईल, कोणी मजूर. मालकाची दया ही मोठी गोष्ट खरी. पण ती मिळाली तरी मजुरीचा दर लेखीं असावा. ज्याचा हक्क कागदावर आहे, त्यालाच मालकाच्या मायेचा स्वीकार ताठ मानेनें करितां येतो.