सोनं शोधायला किती किलोहर्ट्झ?

प्रश्न : मी मेलबर्नला असतो. बेंडिगोच्या बाजूला हौसेनं सोनं शोधायचंय. मेटल डिटेक्टर किती फ्रिक्वेन्सीचा घ्यावा?

उत्तर : आधी कण केवढा, ते ठरवा. ज्वारीच्या दाण्याहून बारीक सोन्यासाठी ४५ ते ७१ किलोहर्ट्झ हवेत. मायनलॅबचं गोल्ड मॉन्स्टर ४५ वर चालतं, फिशरचं गोल्ड बग २ हे ७१ वर. मात्र ही यंत्रं खोल जात नाहीत. १५-२० च्या आसपासची यंत्रं मोठ्या तुकड्यांना बरी, बारीक कण हमखास सोडतात.

खरी डोकेदुखी तिथली जमीन. तांबडी, लोहयुक्त. कॉइल जरा वरखाली झाली तरी यंत्र किंचाळतं, आणि फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितका हा त्रास अधिक. म्हणून तिथले मुरलेले लोक पल्स इंडक्शन वापरतात. ते एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर चालत नाही; स्पंद सोडून मागे उरणारा प्रतिसाद ऐकतं. महाग आहे, शिवाय गंजके खिळेही खणायला लावतं! नवख्यानं ४५ चं घ्यावं आणि जुन्या खाणींच्या उथळ, उपसलेल्या मातीत फिरावं. सेन्सिटिव्हिटी कमीच ठेवा, कॉइल जमिनीलगत सावकाश फिरवा.

व्हिक्टोरियात ‘मायनर्स राइट’ परवाना लागतो. तो आधी काढा.