कॅसेटमधले लग्न संगणकावर उतरवताना

व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवणे हे एक काम आणि चित्र सुधारणे हे दुसरे. प्रस्तुत लेखकाने दोन्ही एकदमच उरकायला घेतली आणि घरच्या लग्नाची तीन तासांची कॅसेट तीनदा चालवावी लागली. जुनी फीत प्रत्येक फेरीत थोडी झिजते. म्हणून व्हीसीआर सुरू करण्याआधी सेटिंग नीट पाहून घ्यावे.

पहिली निवड प्रणालीची. भारतातल्या कॅसेटी पाल प्रणालीच्या असतात : सेकंदाला २५ फ्रेम, ५७६ ओळी. स्वस्त कॅप्चर यंत्रासोबतचे सॉफ्टवेअर बऱ्याचदा एनटीएससीवर लावलेले असते. मग चित्र कृष्णधवल दिसते किंवा वरखाली घरंगळते, आणि दोष उगाच कॅसेटला लागतो.

खरे नुकसान होते ते चित्राच्या आकारात. पालची प्रत्येक फ्रेम दोन फील्डांची असते. एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. संगणकाच्या पडद्यावर हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात ते यामुळेच. हे दात नंतर डीइंटरलेस करून घालवता येतात, पण दोन्ही फील्ड शाबूत असतील तरच. लेखकाने ‘एचडी’च्या हौसेने १२८० × ७२० निवडले. ५७६ ओळी ताणून ७२० करताना दोन्ही फील्ड एकमेकांत कालवले गेले आणि अक्षता टाकणाऱ्या प्रत्येक हाताला दुसरा पुसट हात फुटला. तो नंतर कशानेही गेला नाही. आकार ७२० × ५७६ ठेवावा, डीइंटरलेस बंद ठेवावे आणि चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टीसुद्धा तेव्हा कापू नये. जुन्या टीव्हीत ती चौकटीआड जाई, एवढेच.

साठवणीसाठी हफ-वाय-यूव्हीसारखा काहीही न गाळणारा कोडेक उत्तम. त्याला तासाला साधारण तीस जीबी जागा लागते. अजिबात न दाबलेले चित्र सुमारे ७५ जीबी घेते. जागेइतकीच डिस्कची रचनाही पाहावी. फॅट३२ रचनेत एक फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही. दुसऱ्या फेरीत आठव्या-नवव्या मिनिटाला, सीमांतपूजन चालू असतानाच रेकॉर्डिंग थांबले आणि लेखक दुसऱ्या खोलीत चहा घेत बसला होता. विंडोजवर एनटीएफएस रचनेची डिस्क वापरावी.

आवाजाचा स्रोत वेगळा निवडावा लागतो, आणि सेटिंगमध्ये सर्वांत सहज निसटते ते हेच. तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला तिथे लॅपटॉपचा मायक्रोफोन राहिला होता. मंगलाष्टके ऐकू येत होती, पण टीव्हीच्या स्पीकरमधून खोलीभर फिरून आलेली; सोबत पंख्याची घरघर आणि कुकरच्या दोन शिट्ट्या. दहा मिनिटांत लक्षात आले म्हणून निभावले. स्रोत कॅप्चर यंत्राचाच आणि दर ४८ किलोहर्ट्झ ठेवावा. टीव्ही मुका करून हेडफोनवर ऐकले की चूक लगेच कळते.

यंत्र थेट संगणकाच्या यूएसबी जागेत लावावे, हबमधून नको. अँटीव्हायरसची तपासणी आणि विंडोजचे अपडेट तेवढ्यापुरते थांबवावे. गळालेल्या फ्रेमचा आकडा वाढू लागला तर पुढे ओठ आणि आवाज यांची फारकत होते. खराब फितीवर मात्र हा आकडा सिग्नल तुटल्यामुळेही वाढतो. तिथे संगणकाशी झगडण्यात अर्थ नसतो.

चाचणी दोन मिनिटांची घ्यावी, तीही भरपूर हालचाल असलेल्या जागी. वरातीतले नाचणारे यासाठी फार उपयोगी. ती फाइल पुन्हा लावून पाहावी, आणि मगच कॅसेट सुरुवातीपर्यंत मागे न्यावी.