बाथरूमच्या फरशीखाली विटा कशाला?

प्रश्न : आमच्या पंचवीस वर्षं जुन्या फ्लॅटचं बाथरूम सध्या फोडायला घेतलंय. आठ दिवस पाणी बंद आहे, तरी फरशीखालून विटांचे ओलेगच्च तुकडे निघतायत आणि खालच्यांचं छत अजून ठिबकतंय. या विटा तिथे कशासाठी? ठेकेदार म्हणतो, जुना कोबा राहू द्या, वरून केमिकल मारून टाइल बसवू. ऐकावं का त्याचं? आणि खालच्यांच्या छताला रंग कधी काढून द्यावा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बिल्डरनं काही लपवाछपवी केली असं समजू नका. तुमच्या इमारतीच्या वयाची बहुतेक बाथरूमं अशीच बांधलेली आहेत. तिथला स्लॅब बाकी घरापेक्षा वीतभर ते फूटभर खाली टाकायचे. त्यामुळे नहाणी ट्रॅपचे आणि कमोडचे आडवे पाइप आपल्याच फरशीखालून जातात, खालच्यांच्या डोक्यावर लोंबत नाहीत. मिस्त्री लोक या खळग्याला ‘संकन’ म्हणतात. पाइप टाकून झाले की तो भरायला काहीतरी हवं, आणि साइटवर फुटक्या विटांना काय तोटा? त्याच सिमेंटच्या मालात बसवून कोबा करायचा, वर फरशी.

गोम अशी, की वीट पाणी पिते. साधी वीट चोवीस तास पाण्यात बुडवल्यावर स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषत असेल, तरी भारतीय मानकानुसार ती पास. तुमचं बाथरूम ४ बाय ६ फूट आणि संकन फूटभर खोल धरलं, तर भराव साधारण सव्वा टनाचा होतो. त्यातल्या विटांनी दहा टक्केच पाणी धरलं तरी चार-पाच बादल्या सहज झाल्या. टाइलच्या सांध्यांतलं व्हाइट सिमेंट झिजतं, ट्रॅपच्या कडेला बारीक फट पडते, आणि रोजच्या आंघोळीतलं थोडंथोडं पाणी तिथून खाली मुरत राहतं. नळ आठ दिवस बंद ठेवलात, पण वर्षानुवर्षं साठलेलं ते पाणी अजून वाट काढतंच आहे.

आणि ते जिथून शिरतं तिथूनच बाहेर पडेल असंही नाही. स्लॅबच्या उतारानं सरकत जातं आणि पाइपाच्या भोकाशी किंवा एखाद्या चिरेशी उतरतं. म्हणून नळ एका भिंतीला आणि खालचा डाग भलत्याच कोपऱ्यात. डागाच्या बरोबर वरची टाइल बदलून घेणाऱ्यांचे पैसे बहुतेक वेळा असेच जातात.

आता तुमचा ठेकेदार. तो फसवतोय असं मी म्हणणार नाही. सव्वा टन डेब्रिज गोण्यांत भरायचं, सोसायटी लिफ्ट वापरू देत नाही म्हणून बिगाऱ्यांनी जिन्यानं उतरवायचं, वर टेम्पोचं भाडं. कोटेशन देताना यातलं अर्धं त्यानं धरलेलंच नसतं. तरीही ऐकू नका. ओल्या कोब्यावर केमिकल मारलं तर आतलं पाणी आतच कोंडलं जाईल आणि त्याला खालच्या घराखेरीज वाट उरणार नाही. शिवाय पंचवीस वर्षांचे पाइप त्याच कोब्यात आहेत. फोडलंच आहे तर तळापर्यंत जा. फक्त शेवटचे दोन-तीन इंच ब्रेकर मशीनऐवजी छिन्नी-हातोड्यानं काढायला सांगा, नाहीतर स्लॅबलाच नवी चीर जायची.

तळ धुऊन चिरा भरायच्या, भिंत आणि स्लॅब मिळतात तिथे मालाचा गोलसर वाटा काढायचा, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर निदान फूटभर वर चढवून. ते वाळलं की संकनमध्ये पाणी भरून दोन दिवस तसंच ठेवायचं आणि खाली जाऊन छत बघायचं. जुनी ओल उतरत असेल, तर डाग वाढतो का एवढंच बघा. हीच परीक्षा भराव आणि वरचा हात झाल्यावर, टाइल बसवण्याआधी, पुन्हा एकदा. नेमकी इथेच टाळाटाळ होते. छोट्या ठेकेदाराचा एकच मिस्त्री दोन-तीन साइट सांभाळत असतो, आणि नुसतं पाणी बघत बसायचे दिवस त्याला परवडत नाहीत. म्हणून केमिकल कुठल्या कंपनीचं यावर घासाघीस करण्यापेक्षा हे दिवस कोटेशनमध्ये लिहून घ्या आणि पैशाचा एक मोठा हप्ता त्या परीक्षेनंतरच द्या.

नव्या भरावासाठी हल्ली हलक्या ब्लॉकचे तुकडे वापरतात. स्लॅबवरचा बोजा कमी होतो, हे खरं. पण पाणी तेही पितात. त्यामुळे संकनच्या तळाशी छोटा निचरा पाइप मागून घ्या.

हा खर्च सोसायटीवर ढकलता येईल का, असं मनात असेल, तर नाही. आदर्श उपविधींप्रमाणे टॉयलेट, सिंक यांतून होणारी घरातली गळती सभासदानं स्वखर्चानं दुरुस्त करायची असते.

खालच्यांच्या रंगाची घाई नको. भराव निघाल्यावर ठिबकणं थांबेल, पण स्लॅब आणि गिलावा सुकायला काही आठवडे लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. ओल्यावर रंग दिला तर पोपडे धरतील. त्याआधी छतावर तांबूस रेघा आहेत का बघा, आणि हातोडीच्या दांड्यानं गिलावा ठोकून बघा. बद्द आवाज आला तर आत सळई गंजली असण्याची शक्यता आहे. गंज फुगतो आणि काँक्रीट सुटं करतो. तसं असेल तर तिथला सैल भाग काढून सळई घासायची, गंजरोधक लावायचं, वर पॉलिमरचा माल भरायचा, आणि मगच रंगाऱ्याला बोलवायचं.