ताप नसताना रांजण का तपासतात?

प्रश्न : गावात डेंग्यूचा एकही रुग्ण नाही, तरी आशाताई दर आठवड्याला रांजणात बॅटरी मारून पाहतात. कशासाठी?

उत्तर : रुग्ण सापडेपर्यंत थांबलो तर उशीरच झालेला असतो. चिकुनगुन्या १९७३मध्ये बार्शीत आला, मग गायबच झाला आणि २००५-०६मध्ये पुन्हा उसळला. झिका २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, तोही तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत (‘एनआयव्ही’त) तपासले म्हणून. डेंग्यूसह तिन्हींचे विषाणू वेगवेगळे; डास मात्र तोच, एडिस. त्याची अंडी रांजणाच्या आतल्या कडेला चिकटून कोरडीही महिनोन्महिने तग धरतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, कड काथ्याने खसाखसा घासा. ताप आलाच, तर डेंग्यूच्या ‘एनएस-१’ चाचणीसाठी पहिल्या पाच दिवसांतच रक्त द्या.