तंजावरच्या खेड्यांतील प्रकाशतंतू

कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या तंजावर जिल्ह्यात मुख्य कालवा कितीही रुंद असला, तरी शेतातल्या पाटापर्यंत पाणी पोचल्यावाचून पीक हाती येत नाही. प्रकाशतंतूंच्या जाळ्याचेही तसेच आहे. केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केलेली आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागलेली योजना ही तार ग्रामपंचायतींपर्यंत नेण्यासाठी आखण्यात आली. तामिळनाडूतील १२,५२५ ग्रामपंचायती तिच्या कक्षेत आल्या. अशा कामात काचेच्या तंतूपेक्षा चर खणण्याचाच खर्च अधिक असतो. म्हणून या राज्यात बरीचशी तार विजेच्या खांबांवरून नेण्याचे ठरले. त्यामुळे आरंभीचा खर्च वाचतो, हे खरे. परंतु नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गजा’ चक्रीवादळाने याच कावेरीखोऱ्यात हजारो खांब आडवे केले होते. तेव्हा वाचवलेला पैसा पुढे दुरुस्तीत जाण्याचा संभव गृहीत धरावाच लागतो. उलटपक्षी, तार टिकली आणि पंचायतीपासून शाळा, दवाखाना व घरे येथवर तिच्या शाखा पोचल्या, तर दाखल्यासाठी वा वैद्यकीय सल्ल्यासाठी तालुक्याच्या गावी घालाव्या लागणाऱ्या कित्येक खेपा टळतात. म्हणून या जाळ्याच्या लाभहानीचा हिशोब मांडताना टाकलेल्या तारेची लांबी नव्हे, तर तिचा प्रत्यक्ष उपयोग करणारी घरे मोजली पाहिजेत.